मालूम आणि वळख

माय ढेकीवर उभी राहून भात कांडायची आणि मी समोर बसून उखळातलं धान हातानं खालीवर करायची. ढेकीचं लाकूड वर जाताना कुरकुरायचं आणि खाली येताना धप्प आवाज व्हायचा. त्या दोन आवाजांच्या मधल्या वेळात हात घालून काढायचा. दवनीवाड्याजवळच्या आमच्या गावात दिवस त्या आवाजानंच उजाडायचा. जिल्हा तेव्हा भंडारा होता. घरी धानाची शेती, एक बैलजोडी, दोन गाई, आणि चुलीवर बारा महिने लाखोळीची डाळ. त्या डाळीचा मातकट वास माझ्या लहानपणाच्या कपड्यांना होता, केसांना होता. आज नागपूरच्या माझ्या स्वयंपाकघरात लाखोळी शिजत नाही, सुनेला ती आवडत नाही, आणि मीही आग्रह करत नाही. कुठून तो वास आला की मला घरात आणखी कुणीतरी आहे असं वाटतं.

उखळासमोरच्या त्या जागी माझ्याआधी माझी मोठी बहीण गिरजा बसायची, हे मला ठाऊक होतं. आमच्या बोलीत सांगायचं तर मालूम होतं. कसं मालूम झालं ते सांगता येत नाही, कारण आमच्या घरी तिचं नाव कुणी घेत नव्हतं. थोडंफार आत्याकडून कळलं. आत्या म्हणजे बाबूजींची विधवा बहीण, आमच्याकडेच राहायची आणि दुपारी मोहफुलं निवडताना आपल्याशीच पुटपुटल्यासारखी बोलायची. गिरजाला बालाघाटकडे दिलं होतं. नवरा मारकुटा होता. तिकडून ती एका ट्रकवाल्याबरोबर निघून गेली. ट्रकवाला दुसऱ्या जातीचा, कोहमाऱ्याच्या नाक्यावर राहणारा. बाबूजी शोधायला गेले आणि एकटेच परत आले. आल्यावर त्यांनी पळसाच्या पानांचा माणसाएवढा पुतळा केला, तो तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, नेऊन जाळला, आंघोळ केली, दिवस घातले आणि गावाला जेवण दिलं. पोरगी मेली, विषय संपला.

मी तेव्हा चारपाच वर्षांची असेन. मला धूर आठवतो, आणि त्या जेवणात मला वडा मिळाला होता आणि मी आणखी एक मागितला होता, एवढंच आठवतं. गिरजाचा चेहरा आठवत नाही. पुढे तलावाच्या पारीवरून जाताना मैत्रिणी म्हणायच्या, "तिकडं पाहू नोको, तुही बहीण बसली हाय." मी पाहायची नाही. पण मनात ती दिसायचीच, पाण्याकडे तोंड करून बसलेली, आणि ती वळून पाहील याची मला भीती वाटायची नाही. वळली तर तिला चेहराच नसेल, याची. कारण तो मला कुठून देता येणार होता? मी चौथी पास होईपर्यंत त्या पारीवरून एकटी गेले नाही.

चौथीनंतर पुढची शाळा दूर होती, म्हणून मी घरीच होते. त्याच सुमाराला गावाबाहेर, आमराईच्या कडेला, एका परदेशी ख्रिस्ती सिस्टरनं दवाखाना उघडला. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर. तिचं नाव पिलार. ती स्पेन देशाची होती, वयानं मायपेक्षा थोडी मोठी, उन्हानं लाल झालेली, भराभर चालणारी. बाबूजींच्या पायाची चिघळलेली जखम तिनं बरी केली आणि मोबदल्यात एकच मागितलं. मास्तरांकडून शिकलेलं तिचं मराठी गावात कुणाला कळत नव्हतं. रोज सकाळी तुमच्या पोरीला माझ्याशी बोलायला पाठवा, म्हणाली. बाबूजी हो म्हणाले. अशी मी वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी मास्तरीण झाले. पुढे आयुष्यभर मी भाषाच शिकवली, पण तिच्यासारखी विद्यार्थिनी पुन्हा मिळाली नाही. ती चुकायला लाजत नसे.

एकदा ती म्हणाली, "मी भात मालूम." मी सांगितलं, असं नाही, "मले भात शिजवाले मालूम हाय" असं म्हणायचं. मग ती म्हणाली, "मले तुझे बाबूजी मालूम हाय." मी हसले. माणसाला मालूम कसं म्हणणार? माणसाला वळखतात. "मी तुह्या बाबूजीले वळखतो" असं म्हणायचं. पुरुषासारखं "वळखतो" शिकवलं, कारण आमच्याकडे बायाही तसंच बोलत. तिनं हातातला कापसाचा बोळा खाली ठेवला. "दोन?" तिनं विचारलं. "दोन वेगळे शब्द?" मी मान हलवली. तिला इतका आनंद झाला की तिनं माझे दोन्ही हात धरले. तिच्या भाषेतही दोनच होते, साबेर आणि कोनोथेर. कोनोथेर म्हणताना ती जीभ दातांमध्ये धरायची. साबेर म्हणजे एखादी गोष्ट कळलेली असणं, एखादं काम येणं. कोनोथेर म्हणजे एखाद्याजवळ जाऊन, त्याच्यासोबत राहून जे होतं ते. इंग्रजांकडे दोन्हींना मिळून एकच शब्द आहे, ती म्हणाली, आणि त्यांची दया आल्यासारखा चेहरा केला.

त्यानंतर तो आमचा खेळ झाला. मी वाक्य अर्धं सोडायची आणि तिनं शब्द निवडायचा. नागऱ्याचं शंकराचं देऊळ? ती विचार करायची. ऐकलं आहे, पाहिलं नाही, म्हणून मालूम. ही आमराई? वळख. तुझा भाऊ? एका सकाळी मी सहज विचारलं, कारण तिला भाऊ आहे हे तिच्या बोलण्यात आलं होतं. "त्याला वळखत होतो," ती म्हणाली. "आमच्या देशात लढाई झाली. आपसातली. तो मेला, हे मालूम. कुठं पुरलं, हे मालूम नाही. माझी आई रोज दार पाहत होती." मग तिनं विषय बदलून पडवी झाडायला घेतली.

धान कापून झालं होतं आणि रिकाम्या झालेल्या बांधीत लाखोळी हिरवी झाली होती, त्या दिवसांत दवाखान्यात एक बाई आली. वाटेनं चाललेल्या गाडीवाल्यांना ती रस्त्याच्या कडेला पडलेली सापडली होती. अंगात ताप, खोकला, कापलेले आखूड केस, हाडांचा सापळा. मी सकाळी गेले तेव्हा ती आतल्या खोलीत खाटेवर होती. पिलार म्हणाली, तिला नाव विचार, मला सांगत नाही. मी जवळ गेले. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं, मग बराच वेळ पाहतच राहिली.

"तू कोनाची?" तिनं विचारलं.

मी बाबूजींचं नाव सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली आणि त्या दिवशी पुन्हा बोलली नाही.

घरी जेवताना मी हे सगळं सांगितलं. नवी गोष्ट सांगायची हौस, दुसरं काही नाही. मायचा हात डाळीच्या भांड्यात थांबला. बाबूजी खाली मान घालून जेवत राहिले. ते उठून बाहेर गेल्यावर मायनं मला विचारलं, "तिचा डावा कान पाह्यला का तू?"

"काऊन?"

"उद्या पाहून ये."

दुसऱ्या दिवशी मी पाहिला. कानाची पाळी खालपर्यंत फाटून दोन भागांत बरी झालेली होती. मी येऊन मायला सांगितलं. तिनं चुलीपुढे बसल्या बसल्या ते ऐकलं आणि म्हणाली, गिरजा लहान असताना वासरानं तिची बाळी ओढली होती. एवढंच. पुन्हा ती फुंकणी घेऊन जाळ करायला लागली.

आता मला मालूम झालं होतं. पण मी दुसऱ्या दिवशी त्या खाटेजवळ उभी राहिले तेव्हा माझ्या आत काहीच हललं नाही. मला वाटलं होतं, बहीण म्हणून कळलं की ओळख पटेल, चेहरा आठवेल, रडू येईल. समोर एक खोकणारी परकी बाई होती. मला तिची भीती वाटली. गावानं जिच्या दिवसांचं जेवण खाल्लं ती हीच असेल तर हिला हात लावला की गार लागेल, असं वाटत होतं. पिलारनं माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि तिला पाज म्हणून सांगितलं. मी तिच्या मानेखाली हात घातला. मान तापानं भाजत होती.

कानाचं मी पिलारलाही सांगितलं. तिनं बाबूजींना निरोप पाठवला. ते आले, भर दुपारी, डोक्याला पटका बांधून, आणि आतल्या खोलीच्या दारातच उभे राहिले. पायातल्या वहाणा काढल्या नाहीत. खाटेवरच्या बाईचे डोळे मिटलेले होते, पण ती झोपलेली नव्हती, हे तिच्या श्वासावरून कळत होतं. मी पाण्याची बादली घेऊन भिंतीशी होते.

पिलार हळू, शब्द तोलून बोलली. मी शिकवलेलेच शब्द. "हिले तुमी वळखता?"

"नाई वळखत," बाबूजी म्हणाले.

पिलारनं मग विचारलं, "पण मालूम हाय?"

बाबूजींनी तिच्याकडे पाहिलं. दुखऱ्या खांद्यावर नेमका हात पडलेल्या बैलासारखं त्यांचं तोंड झालं. त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. "सिस्टरबाई, माह्या पोरीले मी जाळून आलो. माह्या आंगनात गाव जेवलं. आता मी कोनाले वळखू?" ते वळले आणि निघून गेले. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं होतं, दुसऱ्याचं नाही. त्या दिवसापासून ते शेतावर जाताना दवाखान्याची वाट सोडून बांधांवरून लांबून जायला लागले.

त्यांनी मला मात्र अडवलं नाही. आणि मायनं दुसऱ्याच दिवशी तांदळाची पेज करून पितळी डब्यात भरून दिली. "सिस्टरबाईले दे," म्हणाली. पिलार पेज खात नाही हे तिलाही मालूम होतं. मग रोज काहीतरी जायला लागलं, कधी पेज, कधी धिरड्यासारखे मऊ चिले, कधी गुळात परतलेली मोहफुलं. रिकामा डबा आला की माय झाकण उघडून आत पाही आणि धुवायला टाकी. विचारी काहीच नाही. बाबूजींना डबा दिसायचा. एकदा पेज भरताना ते शेजारीच बसले होते. त्यांनी सरकून माझ्या पुढची वाट मोकळी केली.

तापाचा जोर उतरला की बाई उठून बसे. मी तिला काहीच म्हणत नसे, तीही मला नावानं हाक मारत नसे. पण ती माझी वाट बघते हे मला कळायला लागलं. ती माझी वेणी सोडून पुन्हा घाली, फार घट्ट. पिलारचं मराठी ऐकून तोंडावर पदर धरून हसे आणि हसता हसता खोकला आला की हातानंच मला थांब म्हणे. तिला पावशाचा आवाज काढता यायचा. अंगावर माशी बसलेली तिला खपत नसे. एकदा पेज पिताना म्हणाली, "तुही माय आता मीठ कमी टाकते." ते "आता" तिच्या तोंडून गेलं आणि तिनं डबा खाली ठेवला. मग मी धीर करून विचारलं, "तू गिरजा होय का?"

ती माझ्याकडे शांतपणे पाहत म्हणाली, "गिरजा तं मेली ना? तूही जेवली असशीन तिच्या नावानं."

"जेवली," मी म्हणाले.

"मंग मेलेल्या बाईले कायले इचारतेस." तिनं मला जवळ ओढलं आणि वेणी पुन्हा सोडली.

ती कुठे राहिली, ट्रकवाल्याचं काय झालं, केस कुणी कापले, इकडे चालत येत होती की कुठे दुसरीकडे जात होती, यातलं मला आजही काही मालूम नाही. तिनं सांगितलं नाही आणि नंतर सांगणारं कुणी राहिलं नाही. पण ती झोपताना उजवा पाय डाव्यावर टाकायची, दुखलं तरी कण्हायची नाही, नुसती बोटं चोळायची, हे मला डोळे मिटले तरी दिसतं.

आंब्याला मोहोर आला तेव्हा तिचं दुखणं पुन्हा वाढलं. पिलारनं मला बाजूला घेऊन ते सांगितलं, आणि मी घरी जाऊन मायला. त्याच दुपारी माय दवाखान्यात आली. गुडघे दुखतात म्हणाली. पडवीतल्या बाकावर बसली, अगदी आतल्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून. त्या भिंतीला वर एक छोटी खिडकी होती. पिलारनं तिचे गुडघे दाबून पाहिले, तेल लावून दिलं आणि आपण आमराईत निघून गेली.

माय माझ्याकडे पाहून बोलायला लागली. मोठ्यानं, जणू मला कमी ऐकू येत होतं. "ढवळी गाय व्याली. कालवड झाली. आत्याले आता दिसत नाई, चाचपडत चालते. मांगच्या आंगनातला सीताफळाचा झाड वाळला, तोडून टाकला. शेवग्याले औंदा लय शेंगा हायेत. तुह्या बाबूजीचा पाय बरा हाय, पन पाऊस आला का ठनकते." हे सगळं मला मालूम होतं. मी त्याच घरात राहत होते. मला कळेना ती काय करते आहे, आणि मग कळलं, आणि मी हूं हूं करायला लागले. माय सांगत राहिली. कोण कुठे परणून गेलं, कोणती विहीर आटली, कोणाचा बैल मेला. सात-आठ वर्षांचं गाव ती त्या भिंतीला सांगत होती. मध्येच दम घ्यायला थांबली तेव्हा खिडकीतून आवाज आला, अगदी बारीक.

"आन लाखोळी?"

माय भिंतीकडे वळली नाही. तिनं माझा हात धरला. फार जोरात. "लाखोळी बी झाली, सांग तिले," ती मला म्हणाली. "चांगली झाली यंदा."

"झाली," मी खिडकीकडे तोंड करून म्हणाले. आतून खोकल्याचा आवाज आला. माय उठली, पदर सारखा केला आणि गुडघे न दुखणाऱ्या बाईसारखी भराभर चालत घरी गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पिलार आमच्या अंगणात आली. याआधी ती कधी आली नव्हती. बाबूजी दोर वळत बसले होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "पहाटे गेली," ती म्हणाली. "आमच्याकडे जागा हाय. मी पुरेन. पण मले नाव मालूम नाही."

बाबूजींच्या हातातला दोर सुटला आणि वळलेला पीळ उलगडत गेला. माय दारात येऊन उभी होती. बाबूजी उठले, बैल सोडले, गाडीला जुंपले. "बेवारस बाई गावात पडून राहू नये," असं ते बैलांच्या मागे उभे राहून म्हणाले, कुणाकडेही न पाहता. दवाखान्यात त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मानेखाली एक हात आणि गुडघ्यांखाली एक हात घालून त्यांनी तिला एकट्यानं उचललं आणि गाडीत ठेवलं. तिचं डोकं त्यांच्या दंडावर कलंडलं तेव्हा ते क्षणभर तसेच उभे राहिले. पिलार पडवीत हात जोडून उभी होती आणि तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती. पुढल्या वर्षी पिलारला दुसरीकडे पाठवलं. कुठे, ते मला कळलं नाही.

लोक विचारतात, तुम्हाला भावंडं किती? मी एक बहीण होती म्हणते. पण माझ्या मनात त्या दोघी आहेत. एक तलावाच्या पारीवर पाण्याकडे तोंड करून बसलेली, जिची गोष्ट मला मालूम आहे. आणि एक खाटेवर बसून माझी वेणी घट्ट घालणारी, जिला मी वळखते. फाटक्या कानानं त्या एकच आहेत हे सिद्ध होतं. तरी इतक्या वर्षांत त्या माझ्यात एक झालेल्या नाहीत. पारीवरची अजून वळत नाही.

त्या दिवशी तिला अग्नी देऊन बाबूजी सांजेच्या आधी परत आले, विहिरीवर आंघोळ केली आणि ओल्या धोतरानं ओसरीवर बसले. मायनं चूल पेटवली नाही. बाबूजींनी जेवण मागितलं नाही. आत्या अंधूक डोळ्यांनी भिंतीला टेकून बसली होती, तिनंही विचारलं नाही. परक्या माणसाला अग्नी दिला तर आंघोळ करतात आणि जेवतात, एवढं मला त्या वयातही कळत होतं. चूल बंद राहते ती आपलं माणूस गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळीही चूल थंड होती. ऊन अंगणात आलं तेव्हा समोरच्या घरच्या बनाबाई डोक्यावर पाटी घेऊन आल्या. गिरजाच्या नावानं सगळ्यात जास्त वाईट बोलली असेल ती हीच बाई. पाटीत भात होता, डाळ होती, आणि मयताच्या घरी शेजारी नेतात तशी कडुनिंबाची चार पानं. त्यांनी ओसरीवर पत्रावळ मांडली, वाढलं, पानं बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "गरम हाय. खाऊन घ्या."

कोण गेलं, असं त्यांनी विचारलं नाही. बाबूजी पत्रावळीकडे पाहत राहिले. मग त्यांनी एक पान उचलून तोंडात टाकलं, चावलं, आणि भाताचा घास घेतला. बनाबाई त्यांचं जेवण होईपर्यंत दारात उभ्या राहिल्या, मग मायला हाताला धरून आत घेऊन गेल्या आणि तिला भरवलं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या घरून पाटी आली.